बापू कुटीचं छप्पर आणि गेमचं गणित

सेवाग्रामची बापू कुटी, म्हणजे गांधीजींचं घर, एखाद्या गेममध्ये मॉड (खेळाडूंनी केलेली भर) म्हणून बसवायची, तर पहिली डोकेदुखी छपराची. गेममधली वस्तू म्हणजे त्रिकोणांची जाळी, अर्थात मेश. एका कवेलूला 100 त्रिकोण आणि कवेलू 2000 धरले, तर नुसतं छप्परच 2 लाखांवर जातं. तेही सेकंदाला साठेक वेळा काढायचं!

म्हणून एकाच वस्तूच्या तीन-चार आवृत्त्या करतात. मॉडवाले त्यांना 'एलओडी' (लेव्हल ऑफ डिटेल) म्हणतात. जवळ गेलं की कवेलू न कवेलू दिसतं. लांबून मात्र छप्पर म्हणजे उतरत्या सपाट पाट्या आणि त्यांवर कवेलूंचं चित्र. कल्पना जुनीच, जेम्स क्लार्कने 1976 मध्ये ती सविस्तर मांडली.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं 'डेसिमेट' हे साधन त्रिकोण आपोआप घटवतं. त्याच्या भरवशावर सगळं सोडू नये. लांबून घर ओळखू येतं ते बाह्यरेषेवरून, आणि नेमकी छपराची कड किंवा पडवीचे बारीक खांब डेसिमेटच्या तडाख्यात वाकडे होतात. ते हातानेच राखावेत. उलट गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीच्या भिंतीवर घडवलेली ताडाची झाडं, चरखा यांना त्रिकोण खर्चायची गरज नाही. नॉर्मल मॅप, म्हणजे पृष्ठभागाचे चढउतार नोंदवणारं चित्र, लावला की उजेड-सावलीने उठाव दिसतो.

सगळ्या आवृत्त्यांचा मूळबिंदू एकच ठेवा, नाहीतर जवळ जाताच कुटी टुणकन सरकते. आणि टक्कर ओळखणारी जाळी वेगळी, अगदी साधी असते; ती विसरलात तर खेळाडू भिंतीतून आरपार जाईल.