‘ह्युमन’ : डेथ मेटल माणसाकडे वळलं तेव्हा

डेथ मेटल म्हणजे रक्त, प्रेतं आणि गुरगुर, ही समजूत अगदीच निराधार नाही. फ्लोरिडातल्या ‘डेथ’ या बँडचा १९८७चा पहिला अल्बम ‘स्क्रीम ब्लडी गोर’ नावापासूनच तसा आहे. पण याच बँडने चार वर्षांनी, ऑक्टोबर १९९१मध्ये, ‘ह्युमन’ काढला आणि या संगीताला वेगळी वाट दाखवली.

‘डेथ’ म्हणजे मुख्यतः चक शुल्डिनर. गिटार त्याची, आवाज त्याचा, शब्दही त्याचेच. १९९०च्या युरोप दौऱ्यावर तो गेला नाही. सहकारी मात्र त्याच्याशिवाय बँडच्या नावाने वाजवून आले. चकने त्यांची साथ सोडली आणि नवी माणसं जमवली. ‘सिनिक’ बँडमधून गिटारवादक पॉल मास्विडाल व ड्रमर शॉन राइनर्ट आले, तर ‘सेडस’मधून बेसवादक स्टीव्ह डी जॉर्जिओ. पॉल आणि शॉन त्या वेळी जेमतेम विशीतले. दोघांनाही जॅझ फ्यूजनची ओढ. ध्वनिमुद्रण टॅम्पाच्या ‘मॉरिसाउंड’ स्टुडिओत झालं. निर्मितीत चकच्या जोडीला होता स्कॉट बर्न्स. फ्लोरिडाच्या डेथ मेटलला ओळख देणाऱ्या कितीतरी अल्बमांवर त्याचा हात फिरलेला आहे.

‘फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स’ या पहिल्याच गाण्यात नव्या साथीचा प्रत्यय येतो. आधी ऐकू येतात फक्त ड्रम, तेही दुरून जवळ येणारे. खाली दोन्ही पायांनी वाजणाऱ्या बेस ड्रमची अखंड धार आणि तिच्यावर हातांचे फिरते बोल. मग गिटार शिरते आणि गाणं उसळतं. राइनर्ट नुसता वेग धरून बसत नाही. गिटारची ओळ तीच राहते, तो मात्र तिच्याखालचं वजन बदलतो, झांजांवर बारीक नक्षी काढतो आणि नेमका समेवर येतो. वेगात इतका विचार असू शकतो, हे मला राइनर्टच्या वादनातून कळलं.

‘लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन’ची सुरुवात स्वच्छ, जवळजवळ हळव्या गिटारने होते आणि पुढचा आघात त्यामुळेच जास्त लागतो. स्वतःच्या दोषांचं खापर दुसऱ्यावर फोडणाऱ्यांना चक इथे फैलावर घेतो. या गाण्याचा व्हिडिओही निघाला. इतर गाण्यांचे विषय पाहा: ‘सुइसाइड मशीन’मध्ये असाध्य वेदना भोगणाऱ्याच्या मरणाच्या हक्काचा प्रश्न, ‘टुगेदर ॲज वन’मध्ये जन्मतः जोडलेल्या जुळ्यांचं जगणं. दुसऱ्याचं दुःख हा आता तमाशा उरलेला नाही. चक त्या दुःखाच्या बाजूने उभा राहून ओरडतो आणि म्हणून त्या ओरडण्याला अर्थ येतो. ‘कॉस्मिक सी’मध्ये तर शब्दच नाहीत, मधल्या भागात गती थांबते आणि बेस व सिंथेसायझरचे तरंग उरतात.

पुढे १९९३मध्ये पॉल आणि शॉन यांनी ‘सिनिक’चा ‘फोकस’ काढला आणि जॅझ व मेटल यांचा सांधा आणखी घट्ट केला. चकला मेंदूच्या गाठीने ग्रासलं. १३ डिसेंबर २००१ रोजी, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी तो गेला. जानेवारी २०२०मध्ये राइनर्टही गेला. तांत्रिक डेथ मेटल म्हणून आज जे वाजतं, त्यातल्या बऱ्याचशा वादनाची मुळं ‘ह्युमन’मध्ये सापडतात.

मूळ मिश्रणात डी जॉर्जिओचा बेस दबला होता. २०११च्या आवृत्तीसाठी जिम मॉरिसने नव्याने मिश्रण केलं, त्यात तो मोकळा ऐकू येतो. नव्या श्रोत्याने तीच आवृत्ती घ्यावी, शब्द समोर ठेवावेत आणि ‘लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन’पासून सुरुवात करावी. पहिल्यांदा आवाज अंगावर येईल. दुसऱ्या खेपेला फक्त ड्रमकडे कान द्या. सगळा अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा आहे. चांगलं संगीत ऐकणाऱ्या माणसाने त्याला एवढा वेळ जरूर द्यावा.