नावाला अडतीस, मापाला छत्तीस

अकरावीच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपरने गोळ्याचा व्यास मोजताना बहुतेकांना जांभया येतात. जुनी रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्यांचं मात्र त्या उपकरणावाचून पान हलत नाही. कॅलिपर आणि कॅलिबर हे शब्द मुळात एकाच घरातले. ते घर बहुधा अरबी ‘कालिब’चं, म्हणजे साच्याचं. पण या भावंडांचं पटत नाही. नळीवर कोरलेलं कॅलिबर एक सांगतं आणि कॅलिपर दुसरंच दाखवतो. अक्षरशः छत्तीसचा आकडा.

‘पॉइंट थ्री एट’ घ्या. नावाप्रमाणे गोळीचा व्यास ०.३८ इंच असायला हवा. ‘थ्री एट स्पेशल’ या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात मोजली तर भरते ०.३५७ इंच, जेमतेम ९.०७ मिलिमीटर. उलट कोल्ट कंपनीच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ला ‘छत्तीस’ म्हणत आणि तिच्यात शिशाची गोळी बसे साधारण ०.३७५ इंचाची. म्हणजे छत्तीसवालीची गोळी साडेसदतीस आणि अडतीसवालीची छत्तीसच्या आत!

हा घोळ कुणाच्या गाफीलपणाचा नाही, तो इतिहासाचा आहे. कोल्टच्या त्या काळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये फिरकीच्या (सिलिंडरच्या) प्रत्येक घरात समोरून दारू आणि गोळी ठासावी लागे. पुढे धातूच्या पुंगळीतलं काडतूस आलं, तेव्हा कारखान्यांनी जुनी हत्यारं मोडीत न काढता त्यांच्या फिरकीच्या घरांना आरपार सरळ भोकं पाडून घेतली. सरळ भोकात पुंगळी आणि गोळी एकाच जाडीची लागते. म्हणून गोळीची टाच बारीक करून तेवढीच पुंगळीत खोवत. या जाडीवरून ‘अडतीस’ नाव पडलं. नंतर गोळी पूर्णपणे पुंगळीच्या आत बसवायला लागले. आत बसायची म्हणजे ती बारीक झाली. पुंगळी तीच राहिली, नावही तेच राहिलं. बारीक टाचेची ती जुनी पद्धत आजही एका काडतुसात टिकून आहे : पॉइंट टू-टूमध्ये. एनसीसीच्या शिबिरात ज्यांनी ती रायफल चालवली, त्यांनी एकोणिसाव्या शतकातलं तंत्रज्ञान हाताळलं आहे. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं तेही याच जातीच्या काडतुसावर.

कॅलिबरइतकंच महत्त्व सांगाड्याच्या आकाराला, म्हणजे फ्रेमला. स्मिथ अँड वेसन या कंपनीने आपल्या सांगाड्यांना अक्षरं दिली : जे, के, एल, एन. ओळखायची सोपी खूण फिरकीचा व्यास. जे सुमारे ३३ मिलिमीटर, के ३७ च्या आसपास, एल साडेएकोणचाळीस, एन त्रेचाळीसच्या पुढे. अक्षरांचा क्रम आणि जन्माचा क्रम मात्र वेगळा. के आला १८९९ मध्ये, एन १९०८ च्या सुमारास, पाच गोळ्यांचा छोटा जे १९५० मध्ये आणि एल तर १९८० च्या दशकाच्या तोंडावर.

एलचा जन्म हे धातुशास्त्राचं छान प्रकरण आहे. ‘थ्री फिफ्टी-सेव्हन मॅग्नम’ हे जोरकस काडतूस १९३५ मध्ये आलं, तेव्हा त्यासाठी दणकट एन सांगाडा वापरला होता. कमरेला दिवसभर बाळगायला तो जड. म्हणून १९५५ मध्ये तेच काडतूस के सांगाड्यात बसवलं. पण के मध्ये जागा अपुरी. नळीचं मागचं टोक खालच्या बाजूने सपाट तासावं लागलं. हलक्या, वेगवान गोळ्यांचा मारा सतत झाला की तडा नेमका त्या तासलेल्या जागी जाई. मग के आणि एन यांच्या मधला एल घडवला. फ्रेम म्हणजे हत्याराची सोसण्याची ताकद, ती अशी.

आता कॅलिबर आणि फ्रेम दोन्हींची खरी कसोटी : स्मिथ अँड वेसनचं दुसऱ्या महायुद्धातलं ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्व्हर. सांगाडा के, अनुक्रमांकाआधी इंग्रजी ‘व्ही’. ब्रिटन आणि राष्ट्रकुलाच्या सैन्यांना या घडणीची पाच लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हर गेली. तीही अडतीसच, पण ‘थ्री एट स्मिथ अँड वेसन’, आखूड आणि किंचित जाड काडतुसाची. युद्धानंतर अनेकांची घरं खोल करून ती ‘स्पेशल’साठी विकली गेली. स्पेशलची पुंगळी २९.३ मिलिमीटर लांब, आखूडवालीची १९.७. खोली वाढवता येते, रुंदी कमी करता येत नाही. परिणामी स्पेशलची पुंगळी मुळाशी फुगते, कधी उभी चिरते. व्यासातला फरक किती? सुमारे ०.१९ मिलिमीटर, दोन-तीन केसांची जाडी. बाहेरून सगळं सारखं, सांगाडाही तोच. इथे निकाल देतो तो फिरकीचं घर मोजणारा.

मोजणंही सरळ नाही. स्मिथ अँड वेसनच्या नळीत पिळाच्या खाचा सहसा पाच असतात. आकडा विषम, त्यामुळे खाचेसमोर खाच येत नाही, उंचवटा येतो, आणि साध्या कॅलिपरचं माप कमी भरतं. कोल्टच्या नळीत खाचा सहा, तिथे ही अडचण नाही. फिरकीच्या घराचा साचा काढायला बिस्मथचा एक मिश्रधातू वापरतात. तो उकळत्या पाण्याच्या आतच वितळतो, थिजताना आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि तासाभराने बरोबर घराच्या मापाचा होतो. घड्याळ लावून मोजायचं. मला या साऱ्या व्यापातली ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

नवशिक्यांची नेहमीची चूक वेगळीच. फिरकी बाहेर झुकवल्यावर बिजागरीच्या कोनात कोरलेला आकडा ते अनुक्रमांक समजतात. तो बहुधा जुळणीचा आकडा असतो. खरा अनुक्रमांक जुन्या रिव्हॉल्व्हरवर मुठीच्या तळाशी शोधावा. १९५७ पासून मॉडेलचा क्रमांकही त्या बिजागरीजवळच कोरू लागले, त्यामुळे गोंधळात भर पडली.

आपल्याकडे कानपूरला बनणारं ‘पॉइंट थ्री-टू’ रिव्हॉल्व्हरही नाव आणि माप न जुळणाऱ्या या घराण्यातलंच : नावाला बत्तीस, गोळी ०.३१२ इंच.

आजोबांच्या पेटीत एखादं जुनं रिव्हॉल्व्हर निघालं, तर ते घासूपुसू नका, त्यात काडतूस घालून पाहू नका आणि मापं काढत बसू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय ते घरात ठेवता येत नाही. आहे तसं राहू द्या आणि आधी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.