संगणकाला कंठ फुटला तेव्हा
विंडोज ९५ मधील ध्वनी-चित्राची करामत आणि आपल्या घरातील आवाज

कचेरीतला जुना संगणक ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे आणि चूक झाली की ‘टुक’ असा एकच आवाज. त्या यंत्राला हिशेब येत होता, पत्र लिहिता येत होते; पण गाणे ऐकवणे, माणसाचा आवाज साठवणे किंवा हलते चित्र दाखवणे हे त्याचे काम नव्हे, अशीच सर्वांची समजूत होती. ही समजूत घरोघरी मोडीत काढण्याचे काम ज्या प्रणालीने केले ती म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ९५. २४ ऑगस्ट १९९५ रोजी ती विक्रीस आली. त्याला आता तीस वर्षे उलटून गेली आहेत. आज हातातल्या मोबाइलवर मुले जे सहज करतात त्याची मुळे कोठे आहेत, हे घरातील लहानथोरांनी समजून घेण्यासारखे आहे.

मल्टिमीडिया म्हणजे काय?

मल्टिमीडिया या शब्दाचा त्या काळात फार गाजावाजा झाला. अर्थ साधा आहे. अक्षर, आवाज, स्थिर चित्र आणि हलते चित्र ही चारही माध्यमे एकाच यंत्रावर, एकाच वेळी हाताळता येणे म्हणजे मल्टिमीडिया.

ही कल्पना मायक्रोसॉफ्टने प्रथम काढली असे मात्र नाही. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक १९८४ सालीच लोकांपुढे बोलला होता. १९८५ सालचा अमिगा संगणक चित्र आणि संगीत यांत पुढे होता. खुद्द विंडोजमध्येही १९९२ च्या ३.१ या आवृत्तीत आवाज नोंदवण्याची आणि वाजवण्याची सोय आलेली होती. मग विंडोज ९५ चे वेगळेपण कशात? जे जाणकारालाच जमत होते ते तिने सामान्य घरातील माणसाच्या आवाक्यात आणले.

जोडणीचा जाच

त्यापूर्वी संगणकाला आवाज द्यायचा तर साउंड कार्ड नावाची पट्टी विकत आणून आत बसवावी लागे. पण बसवली की काम झाले असे नव्हते. संगणकाच्या प्रत्येक भागाला मुख्य प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एक ठरावीक क्रमांक लागतो. साउंड कार्ड आणि प्रिंटर यांना चुकून एकच क्रमांक मिळाला की दोघांचे भांडण जुंपे आणि यंत्र जागच्या जागी अडे. मग पट्टीवरच्या बारीक टोप्या चिमट्याने उपसून दुसऱ्या जागी खोचायच्या, पुन्हा यंत्र सुरू करून पाहायचे, असा प्रकार चाले.

विंडोज ९५ ने ‘प्लग अँड प्ले’ ही पद्धत आणली. नवा भाग जोडला की प्रणालीने तो स्वतः ओळखावा आणि क्रमांकाची वाटणी आपणच करावी, अशी ती योजना होती. ती दर वेळी सफल झाली असे नाही. ‘जोडा आणि प्रार्थना करा’ अशी तिची थट्टाही झाली. पण दिशा योग्य होती. आज आपण कोणतेही यंत्र संगणकाला जोडतो आणि ते चालू लागते, ते याच वाटेने.

चकती घाला, गाणे ऐका

विंडोज ९५ दोन रूपांत मिळत असे. एक रूप १३ फ्लॉपींच्या गठ्ठ्याचे आणि दुसरे एका सीडीचे. यावरूनच सीडीचे महत्त्व कळते. एका सीडीत ६५० मेगाबाइट माहिती मावते. साध्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपी घ्यायच्या तर त्या सुमारे साडेचारशे लागतील. आवाज आणि चित्र यांना जागा फार लागते, म्हणून सीडी आली तेव्हाच मल्टिमीडियाला खरी वाट मोकळी झाली.

‘ऑटोप्ले’ ही सोय तर नवशिक्यांना चमत्कारच वाटली. गाण्यांची सीडी आत सरकवली की कोणतीही आज्ञा न देता गाणे सुरू होई. इतर सीडींमध्ये ‘ऑटोरन’ नावाची एक छोटी फाइल असे. संगणक ती वाचून पुढचे काम आपोआप करी. पुढे याच सोयीने घात केला. पेन ड्राइव्ह आल्यावर विषाणू लिहिणाऱ्यांनी हेच दार वापरले. २००८ सालचा कॉन्फिकर हा विषाणू याही मार्गाने पसरला. शेवटी कंपनीला पेन ड्राइव्हसाठी ही आपोआप चालण्याची सोय बंद करावी लागली. न विचारता उघडणारे दार पाहुण्याला जसे उघडते तसे चोरालाही उघडते, हा धडा त्यातून मिळाला.

या प्रणालीच्या सीडीत नमुना म्हणून दोन पाश्चात्त्य गाण्यांच्या चित्रफितीही दिल्या होत्या. एक वीझर या वाद्यवृंदाची आणि दुसरी एडी ब्रिकेल या गायिकेची. संगणकाच्या पडद्यावर माणूस गाताना दिसतो, हे अनेकांनी प्रथम तेथेच पाहिले.

सुरुवातीचा सूर

संगणक सुरू होताना जो मंजुळ नाद येई त्याचीही कथा आहे. तो ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने रचला. कंपनीने त्याच्याकडे मागितलेले गुण अनेक होते आणि वेळ मात्र सव्वातीन सेकंदांची. त्याने ८४ छोट्या रचना केल्याचे पुढे मुलाखतीत सांगितले. निवडलेला नाद प्रत्यक्षात सुमारे सहा सेकंदांचा आहे. गमतीचा भाग असा की, हे काम त्याने प्रतिस्पर्धी मॅकिंटॉश संगणकावर केले होते.

आवाजाचा हिशेब

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय होती ती ‘साउंड रेकॉर्डर’ची. पडद्यावर टेपरेकॉर्डरसारखी बटणे असत. मायक्रोफोन जोडून लाल ठिपक्याचे बटण दाबले की आवाज नोंदला जाई. पण एका दमात फक्त ६० सेकंद. ही मर्यादा का होती, हे हिशेबाने पाहू.

संगणक आवाजाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा आकड्यात लिहितो. सीडीच्या दर्जासाठी एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन बाइट आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. म्हणजे एका मिनिटाला १,०५,८४,००० बाइट. एका फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावतात. म्हणजे मिनिटभराचे बोलणे सात फ्लॉपी भरूनही थोडे उरेल. म्हणून साउंड रेकॉर्डरमध्ये हलके दर्जेही दिलेले होते. ‘रेडिओ’ दर्जात तेच मिनिट १३,२३,००० बाइटांत बसे, म्हणजे एका फ्लॉपीत. ‘टेलिफोन’ दर्जात त्याच्याही निम्मे. जागा वाचवायची तर आवाजाचा कस कमी करावा लागे.

चित्राचे तर विचारूच नका. ३२० रुंद आणि २४० उंच ठिपक्यांचे, म्हणजे पत्त्याएवढे चित्र घेतले, त्याचे पूर्ण रंग ठेवले आणि सेकंदाला १५ चित्रे दाखवली, तर प्रत्येक सेकंदाला ३४,५६,००० बाइट लागतात. १९९३ साली मल्टिमीडिया संगणकासाठी जो दुसरा दर्जा ठरला त्यात हार्ड डिस्क १६० मेगाबाइटची होती. ती पाऊण मिनिटात भरून गेली असती! शिवाय त्या वेळची दुप्पट वेगाची सीडी सेकंदाला ३०० किलोबाइटच देऊ शके. म्हणजे चित्र निदान अकरा पट दाबून बसवणे भाग होते. हे दाबण्याचे आणि पुन्हा उलगडण्याचे काम करणाऱ्या सिनेपॅक, इंडिओ अशा युक्त्या विंडोज ९५ मध्ये मुळातच घालून दिल्या होत्या. चित्र लहान आणि थोडे अडखळणारे दिसे, त्याचे कारण हे.

सतार आहे, ढोलकी नाही

संगीताची आणखी एक पद्धत होती, तिला मिडी म्हणतात. मिडीच्या फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणते वाद्य, कोणता स्वर, किती वेळ, एवढ्याच सूचना असतात. वाजवायचे काम साउंड कार्ड करते. त्यामुळे कित्येक मिनिटांचे संगीत थोड्याशा जागेत मावते.

यासाठी १९९१ साली १२८ वाद्यांची एक सर्वमान्य यादी ठरली. तिच्यात १०५ व्या क्रमांकावर सतार आहे आणि ११२ व्या क्रमांकावर शहनाई. हे वाचून बरे वाटते. पण त्या यादीत तबला नाही. ढोलकी नाही, हलगी नाही, दिमडी नाही, तुणतुणे नाही. तालवाद्यांच्या वेगळ्या यादीत बोंगो आणि कोंगा आहेत, पण वाडीवस्तीवर जे वाजते ते नाही. कोणी मुद्दाम वगळले असे म्हणण्याचे कारण नाही. यादी करणाऱ्यांच्या कानावर ते पडलेलेच नव्हते, एवढेच. यादी ज्यांच्या हाती असते, त्यांना ठाऊक असलेलेच तिच्यात येते.

मात्र मायक्रोफोनला कोणाचीही यादी लागत नाही. त्याच्यासमोर ढोलकी वाजवा, ती ढोलकीच नोंदली जाईल.

लिपीच्या आधी वाणी

येथे एक मोठा मुद्दा येतो. विंडोज ९५ ला मराठी लिहिता येत नव्हते. देवनागरी लिपी विंडोजमध्ये मुळातून आली ती फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या विंडोज २००० या आवृत्तीत. तोपर्यंत पुण्याच्या सी-डॅक संस्थेची किंवा श्रीलिपीसारखी वेगळी सॉफ्टवेअरे वापरावी लागत. प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक खूण निराळी. एकात टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती खिचडी दिसे. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर आज मूळ फॉन्ट सापडत नाही म्हणून वाचता येत नाही.

पण त्याच यंत्रात १९९५ साली मराठीतून चार वाक्ये बोलून ठेवली असतील आणि ती फाइल जपली असेल, तर ती आजही कोणत्याही संगणकावर ऐकू येते. १९९१ साली ठरलेली ‘वेव्ह’ ही पद्धत अजून चालते. म्हणजे जो संगणक मराठी अक्षर ओळखत नव्हता तो मराठी माणसाचे बोलणे मात्र जसेच्या तसे सांभाळू शकत होता. आवाजाला लिपी लागत नाही. ज्या आई-आजीच्या हाती कधी पाटी-पेन्सिल आली नाही, तिचे म्हणणेही त्यात मावते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्यातून काम करत खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर नोंद लावण्याचे आणि ध्वनिमुद्रणाचे काम केले. आज हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांना ऐकता येतो. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. दळणाऱ्या बायांनी त्या कागदावर लिहिल्या नव्हत्या. आवाज जपला गेला म्हणून त्यांचा सूरही उरला.

ऐकू न येणाऱ्यांसाठी

आवाजाच्या या गलबल्यात ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे काय? विंडोज ९५ मध्ये त्यांचाही विचार होता. संगणकाने सूचनेचा आवाज केला की पडद्याचा भाग लुकलुकावा, अशी ‘साउंड सेंट्री’ नावाची सोय तिच्यात होती. ती थोड्यांनाच माहीत झाली. पण नवे साधन करताना कोणी मागे राहू नये, ही दृष्टी चांगली होती.

आता आपण काय करावे?

विंडोज ९५ चे दिवस संपले. कंपनीने ३१ डिसेंबर २००१ नंतर तिची देखभाल थांबवली. त्या वेळी असा संगणक सामान्य नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराचा विषय होता. आज साध्या मोबाइललाही साठ सेकंदांची अट नाही. मग अडचण कसली? आपण नोंद करत नाही, हीच अडचण.

घरातील वडीलधाऱ्यांना बसवून त्यांचे बालपण, गाव, केलेली कामे, शाळेची हकिकत, लग्नातली गाणी बोलती करून घ्या. सुरुवातीला त्यांचे नाव, गावाचे नाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. कपाटात जुन्या कॅसेट पडून असतील तर टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये जोडा आणि फीत वाजवत नोंद करा. चुंबकीय फीत वर्षानुवर्षे खराब होत जाते, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये. मूळ नोंद न दाबता ठेवा. तिच्या दोन प्रती करून निरनिराळ्या जागी ठेवा. फ्लॉपीवर ठेवलेले आज किती जणांना वाचता येते, ते आठवले म्हणजे दोन प्रतींचे महत्त्व पटेल.

हे काम घरातील शाळकरी मुलामुलींकडे सोपवावे. यंत्र त्यांना येते, आणि सांगण्यासारखे आजी-आजोबांकडे आहे. येत्या रविवारी दोघांना एका चटईवर बसवा. प्रश्न नातीने विचारावेत, उत्तरे आजीने द्यावीत.