गोळी भिंतीपाशी थांबते का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या आयुध निर्माणीत लष्करासाठी दारूगोळा तयार होतो; पण परवानाधारकाच्या १२ बोअरच्या काडतुसांशी पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचे नाव जोडलेले आहे. घराच्या रक्षणासाठी बंदूक ठेवताना कोणते काडतूस भरायचे, हा प्रश्न भिंतीशी निगडित असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीतील घरे एकसारखी नाहीत. पक्क्या विटांची ९ इंची भिंत रिव्हॉल्व्हरची गोळी सहसा अडवते. मातीने लिंपलेला बांबूचा कूड, टिनाचा पत्रा, प्लायवूडचे पार्टिशन किंवा साधे दार यांचा भरवसा नाही. गोळी पलीकडच्या खोलीत, कधी शेजाऱ्याकडेही पोहोचते. कठीण सिमेंटवर तिरपी बसली, तर उसळून भलतीकडे वळते.

१२ बोअरचे बारीक छर्रे हलके असल्याने वेग लवकर गमावतात आणि भिंतीत फारसे शिरत नाहीत. मात्र खोलीच्या अंतरात तेही जीवघेणेच ठरतात. ‘एलजी’ काडतुसातले मोजके जाड छर्रे पातळ आडोसे सहज भेदतात. अखंड गोळीचे काडतूस रानडुकरासाठी ठीक, दाट वस्तीत ते अविचाराचे. रायफलचा तर घरात विचारच नको.

शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. निवड मर्यादित असल्याने मुले कुठे झोपतात, शेजाऱ्याची भिंत कोणत्या बाजूला आहे, हे आधीच पाहून ठेवावे लागते.