काचेखालचं सॉफ्टवेअर

फळ्यासमोर एका वेळी एखादंच पोर उभं राहतं. टचस्क्रीन टेबलाभोवती मात्र सहा जण बसतात आणि सगळ्यांची बोटं एकदमच चालतात. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्या एखाद्या शाळेत असं टेबल आलं, तर त्यावर जिल्ह्याचा नकाशा पसरून मुलं चारी बाजूंनी औंढा, नर्सी, हिंगोली शोधू शकतील. पण खरेदीच्या वेळी सगळे पडद्याचे इंच विचारतात. आतलं सॉफ्टवेअर किती वर्षं अपडेट मिळवत राहील, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये ‘सरफेस’ नावाचं टेबल जाहीर केलं. तीस इंची पडद्याखाली प्रोजेक्टर, बोटं टिपणारे इन्फ्रारेड कॅमेरे आणि विंडोज व्हिस्टा. वस्तूच्या तळाला ठिपक्यांची खूण चिकटवली, की टेबल ती वस्तू ओळखायचं. पुढचं मॉडेल सॅमसंगने बनवलं आणि ते २०१२ मध्ये बाजारात आलं. चाळीस इंची, पातळ, विंडोज ७ वर चालणारं; कॅमेऱ्यांच्या जागी पडद्यातच बसवलेले सेन्सर. त्याच वर्षी ‘सरफेस’ हे नाव कंपनीने टॅबलेटला दिलं आणि टेबल ‘पिक्सेलसेन्स’ झालं. जुन्या टेबलासाठी लिहिलेली अॅप्स नव्यावर जशीच्या तशी चालेनात. १०२४ बाय ७६८ पिक्सेलची मांडणी १९२० बाय १०८० साठी नव्याने करावी लागली, कोडही बदलावा लागला. म्हणून अपग्रेडचा खर्च मांडताना अॅप्सचा खर्चही धरायचा.

आज मिळणाऱ्या बऱ्याच मोठ्या पडद्यांच्या चौकटीत बारीक इन्फ्रारेड एलईडी आणि समोर रिसीव्हर असतात. बोटाने प्रकाशाची रेघ तुटली, की जागा कळते. कडेला धूळ साचली तर कुणी हात न लावताही टच लागतो आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. तेव्हा आधी कोरड्या मऊ कापडाने कड पुसावी. तरीही दोष राहिला, तर नेमक्या मॉडेलचं फर्मवेअर, म्हणजे पडद्याचं आतलं मूळ सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवर घ्यावं. ते चढत असताना लाईट गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय या कामाला हात घालू नये. शेवटी कॅलिब्रेशन करून चारही कोपऱ्यांत बोट टेकवून पाहावं.

मराठी शाळेत आणखी एक अडचण येते. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधले धडे आणि प्रश्नपत्रिका विंडोज नव्याने टाकल्यावर अगम्य चिन्हांत उघडतात. फाइलींबरोबर फॉन्टचाही बॅकअप ठेवावा. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचा ‘दीक्षा’ या शैक्षणिक अॅपवरचा मजकूरही आधीच उतरवून ठेवला, तर नेट नसताना तास बुडत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा वेळी पडद्याला ओपीएसची, म्हणजे संगणक सरकवून बसवायची, खाच असेल, तर त्यात बसणारा छोटा संगणक तेवढा बदलता येतो. काच, चौकट आणि टेबल तेच राहतं. ही खाच आहे का, हे कोटेशन मागतानाच लेखी विचारून घ्यावं.