झाकण उघडण्याआधी

मनुरेवात राहणाऱ्याला आपलं सांडपाणी कुठे जातं, हा प्रश्न सहसा पडत नाही. फ्लश दाबला की ते मांगेरेच्या शुद्धीकरण केंद्राच्या वाटेला लागतं. १९६० पासून ऑकलंडच्या मोठ्या भागाचा मैला तिथेच जातो. पण आमच्या घरून पूर्वेला अल्फ्रिस्टन, ब्रुकबीकडे निघालं की घरं विरळ होतात, कुंपणापलीकडे गायी दिसू लागतात आणि ड्रेनेजची लाइन संपते. तिथून पुढे ज्याची त्याची सेप्टिक टाकी. ऑकलंड परिसरात अशा व्यवस्था ४० हजारांहून जास्त आहेत. त्या तपासण्यावर माझं पोट चालतं.

लोकांना वाटतं, हा आल्या आल्या झाकण उघडणार. मी आधी परसात चालतो. टाकीत मैल्याचा जड भाग खाली बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि मधलं पाणी रोगजंतूंसकट बाहेर पडतं. खरं शुद्धीकरण होतं पुढच्या चरांमध्ये, मातीत. भर फेब्रुवारीत सगळं गवत करपलेलं असताना चरांवर एकच पट्टा हिरवागार दिसला, किंवा बूट रुतायला लागले, की निम्मं निदान तिथेच होतं. इकडची चिकणमाती पाणी पीत नाही. जुलैच्या पावसात तर भूजल वर येऊन चर आणखी लवकर तुंबतात. याउलट पुकेकोहेची ज्वालामुखीची तांबूस माती भराभर पिते. वर सगळं कोरडं, म्हणून मालक खूश. पण नायट्रेट खाली भूजलात उतरत असतं. अशा ठिकाणी मी बोअर किती लांब आहे, हे आधी बघतो.

मग झाकण. पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या बुडाशी हवी. त्याखाली असेल तर टाकी गळतेय, वर चढली असेल तर पुढे कुठेतरी तुंबलंय. ‘तुम्ही येणार म्हणून कालच उपसून घेतली’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी मनातल्या मनात कपाळाला हात लावतो. रिकामी टाकी मला काय सांगणार? भरलेल्या टाकीत काठी सोडून गाळ आणि वरचा थर मोजता येतो. दोन्ही मिळून निम्म्या खोलीच्या जवळ पोचले असतील, तर उपसा लांबवू नये. साधारण तीन ते पाच वर्षांत ही वेळ येते, माणसं जास्त असतील तर लवकर.

ब्रुकबीच्या बाजूला एक साताऱ्याकडचं कुटुंब आहे. तीन बेडरूमच्या हिशेबाने बांधलेली टाकी. त्यात गावाहून आई-बाबा आले, धाकटा दीरही राहायला आला. ‘दादा, टाकी गेल्या वर्षीच उपसली, मग वास कसला?’ वहिनींनी विचारलं. टाकी ठीकच होती. आठवड्याचे सगळे कपडे शनिवारी धुतले जात, त्या लोंढ्यात गाळाला बसायला उसंत मिळत नसे आणि तो चरांत जाई. भरीला छपराची पन्हळही त्याच नळाला जोडलेली. पन्हळ वेगळी काढायची, धुणं आठवडाभर वाटून घ्यायचं, तुपाची कढई कागदाने पुसून मगच घासायची, एवढंच सांगून मी निघालो.

एकेका घराचं असं कळतं, अख्ख्या वस्तीचं कसं कळणार? ओढ्याच्या पाण्यात ई. कोलाय सापडला म्हणजे टाक्याच गळताहेत असं नाही. बदकं आणि गायीही तिथेच असतात. म्हणून प्रयोगशाळेत जंतूंच्या डीएनएवरून माणसाचा मैला की जनावराचा, हे तपासतात. दुसरी खूण कपड्यांच्या पावडरीतल्या चकाकी आणणाऱ्या रसायनांची. बदकं काही कपडे धूत नाहीत! मग ओढ्याने वर वर जात नमुने घ्यायचे आणि कुठल्या घरांपाशी आकडा चढतो ते बघायचं.

हा उपद्व्याप केवळ ब्रुकबीपुरता नाही. तिथलं पाणी पापाकुरा ओढ्याने मनुरेवाच्या कडेने मनुकाऊच्या खाडीत उतरतं. या खाडीच्या प्रदूषणाविरुद्ध न्गानेको मिन्हिनिक या माओरी बाईंनी वैतांगी न्यायाधिकरणापुढे गाऱ्हाणं मांडलं होतं. त्यावरचा अहवाल १९८५ चा. माणसाचा मैला थेट पाण्यात सोडू नये, तो आधी जमिनीतून जावा, ही माओरींची जुनी धारणा. चर नीट चालत असतील तर सेप्टिकची व्यवस्था हेच करते.

मी मूळचा वाईचा. तिथे २०१८ पासून नगरपालिकेने टाक्या पाळीपाळीने उपसायला घेतल्या. तक्रार येण्याची वाट बघायची नाही. साधारण तीन वर्षांनी पाळी आली की गाडी दारात, आणि उपसलेला मैला शुद्धीकरण केंद्रात. सिन्नरमध्येही तसंच. मला हे इथल्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं, कारण इथे उपसा घरमालकाच्या आठवणीवर चालतो. मात्र वाईत टाकीतून बाहेर पडणारं पाणी बहुतेक घरांत थेट गटारात जातं, पुढे कृष्णेत. चर नाहीत, शोषखड्डे नाहीत.

ब्रुकबीत पाळीची गोष्ट काढली, की लोक म्हणतात, आमच्या आवारात कधी कोण येणार ते आम्ही ठरवू. वाईत चुलतभावाकडे शोषखड्ड्याचा विषय काढला, तर तो म्हणाला, ‘खणतो की, जागा दाखव.’