शंकरपटाची धावपट्टी आणि बघ्यांची सोय

धानाची कापणी-मळणी आटोपली, खरेदी केंद्रावरचे चुकारे हाती पडू लागले, की भंडारा जिल्ह्यात आधी मंडई आणि मग शंकरपटांचा हंगाम सुरू होतो. दिवसा बैलजोड्यांची शर्यत, रात्री झाडीपट्टीचे नाटक आणि भोवती बाजार, असा हा जुना रिवाज आहे. कापड, बांगड्या, भांडी, खेळणी, मिठाई विकणाऱ्या आपल्या बिरादरीतील कित्येक घरांची हिवाळ्याची रोजी या बाजारावर चालते. म्हणून पटाची जागा कशी आखली जाते, हा विषय व्यापाराच्या पानावर यायला हवा.

मध्यंतरी हा बाजार उठलाच होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा केला, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या सात वर्षांत लाखनी, साकोली, लाखांदूरकडच्या दुकानदारांनी काय सोसले, ते वेगळे सांगायला नको. पट नाही म्हणजे पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत तर लुगडे-धोतराचा आहेरही नाही.

आता ज्या अटींवर पट सुरू आहे, त्या मुख्यतः बैलांच्या रक्षणासाठी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, हजार मीटरपेक्षा लांब धाव नको, काठी-चाबूक आणि विजेचा झटका बंद. हे सारे योग्यच आहे. मुक्या जनावरावर जुलूम करून मिळालेल्या कमाईत बरकत नसते, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले गेले आहे. पण धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना जी हजारो माणसे उभी असतात, त्यांचा बंदोबस्त अजून देवाच्या भरवशावर आहे.

बैल कुठे थांबतो?

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हलक्या छकड्याला दोन बैल, वर एक धुरकरी. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळविली जाते. सारा खेळ काही सेकंदांचा. पूर्वी हातातल्या घड्याळावरून भांडणे होत. आता अनेक गावांत इलेक्ट्रॉनिक घड्याळ आणि कॅमेरा आला, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत निकाल लागतो. समितीचा पैसा आणि लक्ष या घड्याळावर खर्च होते.

पण निशाणाची दोरी ओलांडली म्हणून बैल जागीच थांबत नाही. भरधाव जोडी आवरायला पुढे मोकळी जमीन लागते, आणि नेमकी तिथेच गर्दी सर्वांत दाट असते, कारण निकाल तिथे कळतो. त्यातून दुकानांची रांगही त्याच टोकाला लावली जाते, गिऱ्हाईक तिथे आहे म्हणून. एका गावी बुजलेली जोडी माझ्या शेजारच्या दोन दुकानांतून आरपार गेली. दुकानात त्या घटकेला बाया नव्हत्या, एवढेच नशीब. समितीचे लोक बैलाला लागले का ते पाहून गेले. दुकानदाराला कोणी विचारले नाही.

मोटारींच्या शर्यतीत हा धडा फार महाग पडला. फ्रान्समधील ल मान्स येथे ११ जून १९५५ रोजी एक मोटार दुसरीला धडकून उडाली, तिचे तुकडे प्रेक्षकांत शिरले आणि ८० हून अधिक माणसे दगावली. स्वित्झर्लंडने त्यानंतर सर्किटवरच्या शर्यतींवर बंदी घातली, ती कित्येक दशके राहिली. ल मान्सवाल्यांनी मात्र मोटारी थांबण्याची जागा आणि समोरची प्रेक्षागारे पाडून नव्याने बांधली, रस्ता रुंद केला, आणि १९५६ मध्ये शर्यत पुन्हा भरविली. ती आजही भरते. आज जगातल्या मोठ्या सर्किटांवर वळणाच्या बाहेर मोकळी पट्टी, मग खडी किंवा टायरांची भिंत, मग जाळी आणि त्यामागे माणूस, असा क्रम असतो.

आपल्या देशात ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट झाले. हरमन टिल्के या जर्मन वास्तुविशारदाने ते आखले. कोट्यवधी रुपये लागले, लाखभर माणसे बसतील अशी सोय झाली, आणि २०११ च्या ऑक्टोबरात पहिल्याच सरावाला एक भटका कुत्रा धावपट्टीवर आला नि मोटारी थांबवाव्या लागल्या! तीन वर्षांनी फॉर्म्युला वन तिथून गेली ती कर वगैरेच्या वादात, तो विषय इथला नाही. पण कुंपण राखणारा माणूस कमी पडला तर कोट्यवधींचाही उपयोग होत नाही, हे दिसले.

तलावाची पाळ

आपल्याला सिमेंटची गॅलरी नको आणि परवडणारही नाही. पट बहुधा शेतातच भरतो. बांध्यांचे धुरे फोडून जमीन सपाट करतात आणि पावसाळ्यात तिथे पुन्हा धान लागते, म्हणून पक्के बांधकाम होणारच नाही. पण हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांच्या पाळीवर बसून माणसे आजही मेळे-जत्रा बघतात. उतारावर बसलेल्या माणसाला पुढच्याच्या डोक्याचा अडथळा होत नाही आणि बैल सहसा चढावर येत नाही. गावाची मोकळी जमीन असेल तिथे उन्हाळ्यात मुरूम टाकून, पायऱ्या काढून अशी कंबरभर पाळ करता येईल. खाजगी शेत असेल तर धावपट्टी एखाद्या जुन्या पाळीला किंवा रस्त्याच्या भरावाला समांतर आखावी.

दिशेचाही विचार हवा. धावपट्टी उत्तर-दक्षिण असावी आणि लोक पश्चिमेला बसवावेत, म्हणजे दुपारचे ऊन पाठीवर राहते. दुकाने त्यांच्या मागे, उत्तरेच्या अंगाला. हिवाळ्यात आपल्याकडचा वारा बहुतेक उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो, तेव्हा धूळ दुकानापासून दूर जाईल. मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या साडीवर एकदा पटाची माती बसली की गिऱ्हाईक तिला जुना माल समजते. बाजूने बांबूची एक रांग न लावता दोन लावाव्यात, मध्ये दोन-तीन वाव रिकामी जागा सोडावी, आणि शेवटी निदान धावेइतकीच मोकळी जमीन, जिथे पंचांशिवाय कोणी नको.

राहिली पाण्याची आणि संडासाची गोष्ट. यावर कोणी बोलत नाही, पण कापडाचा धंदा बायांवर चालतो. आडोसा नाही म्हणून त्या तासाभरात गावी परततात, आणि लुगडे निवडायला तास पुरत नाही. कनातीचे तात्पुरते संडास आणि पाण्याचे दोन टँकर यांचा खर्च दुकानांच्या जागाभाड्यातून काढावा. भाडे थोडे वाढले तर आपल्यातले काही जण कुरकुर करतील, हे मला ठाऊक आहे. पण वाढीव रकमेचा हिशेब वेगळा लिहिला जाणार असेल तर मी पहिला द्यायला तयार आहे.

आणखी एक. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत आहे, म्हणजे ऐन पटाच्या दिवसांत. ईदची खरेदी आणि पटाचा बाजार एकत्र येणार. रोजेदार दुकानदाराला इफ्तारीपुरती एक चटई आणि स्वच्छ पाणी मिळाले तरी पुरे. गावकरी ते नाकारणार नाहीत, फक्त मागायला हवे, आणि आधी मागायला हवे.

जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज जाण्यापूर्वी समितीने जागेचा नकाशा काढून त्यात लोक, दुकाने, पाणी आणि गाड्या उभ्या करण्याची जागाही दाखवावी. दिवाळीनंतरच्या मंडईत आपण सारे एकत्र असतोच. तेव्हाच भंडारा, लाखनी, साकोलीच्या दुकानदारांनी दोन-चार पट समित्यांच्या लोकांना गाठून बसावे.